कवड्यांचा मृदंग

शिमगा सरून वारा कोरडा झाला की माझा मृदंग आपोआप चढतो. मी त्याला हात लावलेला नसतो, पण सकाळी जाता जाता टिचकी मारावी तर तो कालच्यापेक्षा वरच्या सुरात बोलतो. ठाण्यात बिऱ्हाड केल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पोरांकडून पाढे घोकून घेण्यात दिवस जातो आणि मृदंग खोळ पांघरून कोपऱ्यात बसलेला असतो. तरी या दिवसांत मी उगाचच त्याची खोळ काढतो, परत घालतो. घरातून विचारणा होते, "आगर आठवला वाटतं?" मी नाही म्हणतो, आणि ते कुणालाच खरं वाटत नाही.

मग सुट्टीच्या दिवशी पाय खाडीकडे वळतात. पलीकडे आगरांत मिठाचे ढीग पडलेले असतात, उन्हात डोळ्यांना टोचणारे. शाळेतले माझे सोबती विचारतात, असल्या उकाड्यात तिथे काय ठेवलंय? त्यांच्या लेखी हंगाम म्हणजे आंब्याचा, फार तर फणसाचा. मिठाला ना फूल, ना वास. पण वास असतो. तापलेल्या चिखलाचा, ओल्या बांधाचा, खाऱ्या पाण्यात भिजून अंगावरच सुकलेल्या लुगड्यांचा. त्या वासात मी वाढलो, आणि मिसरूड फुटायच्या वयात त्याच वासात एका मृदंगासाठी जिवाचं रान केलं.

आमचं गाव कोपर, खाडीच्या काठाला. बा आगरावर, आई आगरावर आणि आतुसही आगरावर. आतुस म्हणजे बाची बहीण, भागी. तिला ठाकुर्लीला दिलेली. नवरा लवकर गेला आणि ती परत आली ती आमच्याच घरात राहिली. तोंडाची तिखट. मिठाची भरलेली पाटी डोक्यावर, हात मोकळे, आणि पायाखाली अरुंद निसरडा बांध. अशी चालता चालता ती मागच्या बाईशी कडाकडा भांडायची, आणि पाटी जागची हलायची नाही. तिच्यासारखं चालणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. शहरात पुष्कळ लोक बूट घालून चालतात, पण ते नुसते पोचतात.

गावातले जुने मृदंगवाले थकले तेव्हा लेकीकडे पनवेलला राहायला गेले. आपला लाकडी मृदंग त्यांनी बरोबर नेला आणि शिकायचा मातीचा मला दिला. कुंभारानं घडवलेलं खोड, त्याला पोटावर तडा, तो चुना आणि गूळ कालवून बुजवलेला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, तेव्हा कुठे तो घुमतो. आमच्या घरात गहू सणालाही यायचा नाही, म्हणून मी भाताची शितं मळून लावायचो. वाजवून खाली ठेवला की कोंबड्या टोचायला धावत. माझा निम्मा रियाज कोंबड्या हाकण्यातच झाला असं आतुस सांगत असे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

पण वेड लागलं होतं खरं. जेवताना मांडीवर बोटं, झोपताना भिंतीवर बोटं. नाथाबुवा हे आगराचे मुकादम आणि गावच्या भजनाचेही बुवा. आवाज खडा आणि नियम त्याहून खडे. त्यांनी मला एकदा मारुतीच्या देवळामागे वाजवताना ऐकलं आणि सांगून टाकलं, की हात बरा आहे, पण मडक्यावर भजन होत नाही. येत्या हनुमान जयंतीला सुरात राहील असं वाद्य घेऊन आलास तर बुवांच्या उजव्या हाताची जागा तुझी. नाही तर कल्याणहून माणूस आणीन, आणि मग ती जागा कायमची त्याची. नाथाबुवा बोलले म्हणजे लिहिलं गेलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

आगर तुडवायचे दिवस आले. पावसाचं पाणी उतरल्यावर खाचरांचा तळ तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, नाही तर मिठात चिखल मिसळून मीठ काळं निघतं. बाया आणि बाप्ये एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, लहान पावलांनी सरकत पुढे जातात. पाय एकदम पडले तर माती नीट बसते, मागेपुढे पडले तर उकरली जाते. एरवी कुणी तरी डबा बडवून ठेका धरतो. त्या वर्षी मी बांधावर बसून मृदंग वाजवला. मी लय वाढवली की ओळ वाढवायची, मी थांबलो की एवढी माणसं एका पायावर थांबायची. राजाला काय वाटत असेल ते मला त्या चिखलात कळलं. मी चेव येऊन वाजवत सुटलो आणि तोंडावर ताणलेली कातड्याची जुनी पुडी मधोमध फाटली.

बा मला कल्याणला घेऊन गेला. बाजारात करीमचाचांचं दुकान होतं. मृदंग, तबले, ढोलक्या मढवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दाढी मेंदीनं रंगवलेली, बोटांत अंगठ्या. माझा मातीचा मृदंग त्यांनी हातातही घेतला नाही, नुसता पायरीकडे ठेवायला सांगितला. मग आढ्याला टांगलेला एक खैराचा मृदंग काढून त्यांनी त्यावर बोटं टेकली. तो नाद अजून माझ्या कानात आहे. आमच्या मडक्यात आवाज कोंडलेला असायचा, हा दुकानाबाहेर रस्त्यावर गेला आणि एक बैलगाडीवाला वळून बघायला लागला. बानं किंमत विचारली, ऐकली, आणि मला म्हणाला, "चल, भरती चुकंल." परतताना होडीत तो माझ्याकडे बघत नव्हता. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं, आणि तरी मृदंग हवाच होता.

मग मी ठरवलं की आपणच पुडी करायची. देवीच्या जत्रेला बोकड कापले जात, त्यातलं एक कातडं मागून आणलं. कातडं घरात आणलं म्हणून आईनं मला पडवीच्या बाहेर जेवायला बसवलं, आणि बा म्हणाला हे आपलं काम नव्हे. आतुसनं दोघांनाही गप्प केलं. ज्याच्यावर देवाचं नाव घेता, ते मढवायच्या आधी बाटवतं कसं, असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कातड्यावरचे केस तासायला बसली.

आता पुढचं आमच्या गावाशिवाय दुसऱ्या कुठल्याही गावात घडलं नसतं. कातडं टिकवायचं कसं, असं मी ज्याला विचारलं त्यानं एकच उत्तर दिलं: मीठ. मासळी टिकते मिठात, कैरी टिकते मिठात, आमची सगळी घरं टिकली होती मिठावर. कातडं का नाही टिकणार? आगरावर सरकारी शिपाई असे आणि मूठभर मीठ कमरेला बांधून नेणंही गुन्हा होता. पण कातडंच आगरात आणून भिजवलं तर मीठ आगराबाहेर जात नाही, असा कायदा आतुसनं काढला. शिपाई रत्नागिरीकडचा, भजनाचा शौकीन. तो खाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि आम्ही कातडं दाट खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलं. येणारी जाणारी प्रत्येक बाई त्यावर वरून आणखी थोडं मीठ चोळून जायची, आपुलकीनं.

पुडी सुकली ती अशी पांढरी, अशी कडक, की मला झोप येईना. मी ती मातीच्या खोडावर ताणून वाद्या आवळल्या आणि भर दुपारी उन्हात थाप मारली. टणत्कार झाला. गाव गोळा झालं. ज्यांनी मिठाचा सल्ला दिला होता ते सगळे छाती काढून उभे होते, म्हणजे सगळं गावच छाती काढून उभं होतं. नाथाबुवांनी ऐकून मान हलवली आणि शिमग्याच्या पुनवेला भजनात बसून बघ म्हणाले.

पुनव म्हणजे मोठी भरती. संध्याकाळी खाडी तुडुंब झाली आणि दमट वारा देवळात शिरला. पहिलं भजन उत्तम झालं. दुसऱ्यात मला वाटलं बोटं सुजली की काय. तिसऱ्यात पुडी लोंबायला लागली. मी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकले, मग उठून बाहेर होळीच्या आगीपाशी धावलो, मृदंग शेकून आणला. क्षणभर चढला, आणि मग त्याला घाम फुटला. खरोखर घाम, मीठ हवेतलं पाणी ओढून घेत होतं. हात मारला की ओल्या पोत्यावर मारावा तसा आवाज. मागून कुणी तरी म्हणालं, "मिरदुंगानं मीठ पिलंय." मिठाच्या गावाला ते समजायला वेळ लागला नाही. सगळे हसले, सल्ला देणारे सर्वांत जास्त.

नाथाबुवा हसले नाहीत. त्यांनी भजन सोडलं नाही, पण टाळ नुसते वर वाजत होते आणि खाली ठेका नव्हता. बुवांचा आवाज अवघडून चालला होता. मी मान खाली घालून बसलो होतो. माझी जागा माझ्या डोळ्यांदेखत जात होती. तेवढ्यात जमीन वाजली. देवळाबाहेर, बायांच्या गर्दीत, आतुस उभी राहिली होती आणि आगर तुडवतात तसे पाय टाकत होती. शेजारणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्या शेजारणीनं तिच्या. बघता बघता ओळ झाली. त्या पायांत घाई नव्हती की ढिलाई नव्हती. बुवांनी जिथे श्वास घेतला तिथे त्या थांबल्या, जिथे उचललं तिथे त्यांनी उचललं. भजन पायांवर उभं राहिलं आणि शेवटपर्यंत गेलं. मी आयुष्यात पुढे नावाजलेले मृदंग ऐकले, ठाण्यातही ऐकले, गिरगावातही. पण तशी साथ ऐकली नाही.

भजन संपल्यावर नाथाबुवा म्हणाले की कल्याणला निरोप धाडावा लागेल. आतुसनं त्यांना त्यांचाच शब्द ऐकवला: हनुमान जयंतीपर्यंत म्हणालात, अजून चैत्र लागायचाय. नियमाचा माणूस नियमात सापडला आणि हो म्हणाला. मला मात्र त्या मुदतीचा काही उपयोग दिसत नव्हता.

त्या दिवसांत ढिगांतलं मीठ मचव्यात भरायचं काम चालू होतं. पाटी मचव्यात रिती केली की गुमास्ता बाईच्या हातावर एक कवडी ठेवी; संध्याकाळी कवड्या परत करायच्या आणि मजुरी घ्यायची. आमच्या आगराची ती रीत होती. शिमग्यानंतर काय झालं ते मला पुढे कळलं. प्रत्येक बाई रोज एक कवडी आतुसच्या ओच्यात टाकत होती. एक कवडी म्हणजे डोक्यावरची एक भरलेली पाटी, बांधाच्या या टोकापासून मचव्यापर्यंत, तळपत्या उन्हात. कुणी बोलली नाही, कुणी मला चिडवलंही नाही, आणि आमच्याकडे न चिडवणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. किती कवड्या जमल्या ते मला कधीच कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हनुमान जयंतीला सकाळीच आतुसनं मला उठवलं आणि आम्ही मिठाच्या मचव्यातून कल्याणला गेलो. करीमचाचांनी माझी पुडी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि तिला चक्क जीभ लावली. मग ते हसत सुटले. "आगरवाले," ते म्हणाले, "आचार डाला क्या मृदंग का?" आतुसला हिंदी येत नव्हती, पण लोणच्याचा रोख तिला कळला. तिनं पैशाची गाठ सोडून त्यांच्यासमोर ठेवली. त्या पैशांना मिठाची पांढरी पूड लागलेली होती. चाचांचं हसू थांबलं. खैराचा तो मृदंग त्यांनी स्वतः खाली काढला, पुन्हा चढवला, वाद्या पुन्हा ताणल्या, आणि बरोबर गव्हाच्या पिठाची पुरचुंडी दिली. ती कशाला, हे मी विचारलं नाही. मला रडू येत होतं.

आता माझ्याकडे कधी बैठक होते तेव्हा लोक मृदंगाचं खोड निरखतात आणि लाकूड कुठलं म्हणून विचारतात. मी खैर म्हणतो. त्यांना तेवढंच हवं असतं. माझ्या वर्गातल्या एका पोराला तबल्याचा नाद आहे, बापाची ऐपत नाही. तो वहीच्या पुठ्ठ्यावर बोटं आपटत बसतो. मी त्याला दटावत नाही. हवं असणं ही काही लाजेची गोष्ट नाही, हे मला त्या हंगामानं शिकवलं. आपल्याला काही तरी फार हवं आहे हे चार माणसांना दिसतं, तेव्हा त्यांच्यातलं चांगलं वर येतं. निदान आमच्या आगरावरच्या बायांमधलं आलं.

त्या दिवशी मचवा परत कोपरला लागला तेव्हा ऊन उतरत होतं. सण असला तरी भरती थांबत नाही, म्हणून बाया शेवटच्या पाट्या वाहत होत्या. मला पाहून त्या थांबल्या नाहीत, पण सगळ्यांचे डोळे मृदंगावर होते. नवं वाद्य पहिल्यांदा देवापुढे बोलतं, हा नाथाबुवांचा नियम मला ठाऊक होता. ते पलीकडच्या ढिगापाशी उभेही होते. आतुसनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलून घेतली आणि जाता जाता म्हणाली, "आयकव."

मी क्षणभर देवळाच्या दिशेनं बघितलं. मग बांधावर बसून खोळ काढली आणि वाजवलं. बायांची चाल माझ्या ठेक्यावर आली का माझा ठेका त्यांच्या चालीवर गेला, मला सांगता येणार नाही. भरल्या पाट्या एका लयीत येत होत्या, रित्या एका लयीत परत जात होत्या, आणि मी इतका आनंदात होतो की शेवटची पाटी मचव्यात पडली ते मला कळलंच नाही. मान वर केली तेव्हा नाथाबुवा निघून गेले होते.

संध्याकाळी देवळात गेलो. बुवांच्या उजव्या हाताला सतरंजी मोकळी होती. मी बसायला वाकलो तर त्यांनी त्या जागेवर आपला पंजा ठेवला.

"पयला बोल देवाचा," ते म्हणाले. "तू तो पाट्यांवर वाजवलास. आता यो मिरदुंग उष्टा झाला."

टाळकरी खाली बघत होते. बाया आगरावरून तशाच आल्या होत्या आणि दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांना ते ऐकू गेलं. आतुस दारापर्यंत आली, आत आली नाही.

"मारुतीनं डोंगर आनला," ती म्हणाली, "तो काय पालखीन बसून आनला? त्यानं बी ओझाच वाह्यला, बुवा. ओझ्याचा ठेका त्याला ओलखीचा हाय."

नाथाबुवा मूर्तीकडे बघू लागले. गावचा मारुती शेंदरानं माखलेला, एका तळव्यावर डोंगर, पाऊल उचललेलं. त्या मूर्तीपुढे त्यांनी सगळी हयात गायलं होतं. मग त्यांनी सतरंजीवरचा हात काढून घेतला.

मी बसलो. मृदंगवाल्यानं बुवांच्या तोंडाकडे बघून सुरुवात करायची, अशी रीत आहे. नाथाबुवांनी गळा साफ केला आणि माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघत होतो. उंबऱ्यापलीकडे आतुसचे पाय दिसत होते, घोट्यापर्यंत मिठानं पांढरे झालेले. तिचा उजवा पाय उचलला गेला, आणि तो खाली आला तेव्हा मी पहिला हात मारला.